विद्यार्थ्याला समजले, हे कसे समजावे?

(रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षक, शिक्षण विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे विज्ञानाच्या अध्यापनाविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



फ्रीजमधले थंड पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून पेला टेबलावर ठेवला, की थोड्याच वेळात त्याच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचे बारीक थेंब जमू लागतात. कोकणातल्या दमट हवेत तर पेल्याखाली लहानसे तळेच साचते. हे पाणी कोठून आले, असे सहावीच्या वर्गाला विचारावे. "पेल्यातले पाणी झिरपून बाहेर आले" असे उत्तर देणारी मुले बहुतेक वर्गांत भेटतात. १९८३ मध्ये ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह या संशोधकांनी न्यूझीलंडमधील आठ ते सतरा वर्षे वयाच्या मुलांकडून अशाच एका भांड्याविषयीच्या कल्पना काढून घेतल्या. तेथेही काचेतून पाणी बाहेर आले असे म्हणणारी मुले होती. आतला गारवा बाहेर येऊन त्याचे पाणी झाले असे सांगणारी होती. मोठ्या वर्गांतील काहींनी तर हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन पाणी तयार झाले असे सांगितले. त्यांनी विज्ञानाचे शब्द पाठ केले होते आणि त्यांच्याच आधाराने एक नवी चूक उभी केली होती.

परंतु यातील पहिल्या उत्तराकडे जरा निरखून पाहणे अगत्याचे आहे. स्टीलमधून पाणी झिरपते असे मुलाला का वाटावे? त्याच्या घरात माठ आहे. माठाच्या बाहेरचे अंग नेहमी ओले असते आणि माठातले पाणी खरोखरच झिरपून बाहेर येत असते. मुलाने हे रोज पाहिले आहे, हात लावून अनुभवले आहे. थंड पाण्याचे भांडे बाहेरून ओले होते, हा नियम त्याने माठावरून बसवला आणि तो पेल्याला लावला. त्याचा निष्कर्ष चुकीचा असला तरी विचार करण्याची रीत चुकीची नाही. आधीच्या अनुभवावरून नव्या घटनेचा उलगडा करणे हेच तर विज्ञानातही चालते. या मुलाच्या डोक्यात पोकळी नाही. तेथे एक बांधकाम उभे आहे. शिक्षकाने त्याच्यावर "हवेतील बाष्पाचे संघनन होते" हे वाक्य नुसते ठेवून दिले, तर वाक्य राहते आणि बांधकामही राहते. दोघांची भेट होत नाही.

आता परीक्षेचा विचार करावा. प्रश्नपत्रिकेत "संघनन म्हणजे काय?" असा दोन गुणांचा प्रश्न येतो. तोच मुलगा लिहितो, "वायूचे द्रवात रूपांतर होणे म्हणजे संघनन." त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. घरी जाऊन तो धाकट्या बहिणीला सांगतो की पेल्याला घाम आला, आतले पाणी बाहेर आले. शिक्षकाच्या नोंदवहीत तो मुलगा उत्तीर्ण आहे, तालुक्याच्या तक्त्यातही उत्तीर्ण आहे. आणि त्याला संघनन समजलेले नाही, हे कोणाच्याच कागदावर नाही. आजच्या विषयाचे मर्म या ठिकाणी आहे.

विचाराचा उगम

शिकणारा आपले ज्ञान स्वतः रचतो, जुन्या अनुभवांच्या आधारे नवे पारखून घेतो, या विचाराला मराठीत ज्ञानरचनावाद असे नाव रूढ झाले आहे. मुले प्रौढांहून कमी विचार करीत नाहीत, ती वेगळ्या तऱ्हेने विचार करतात, हे जिनिव्हाच्या जाँ पियाजे यांनी दीर्घ निरीक्षणांतून दाखविले. रशियातील लेव्ह विगोत्स्की यांनी या रचनेत भाषेचा व सोबत्यांचा वाटा किती मोठा असतो तिकडे लक्ष वेधले. अमेरिकेतील डेव्हिड औसुबेल यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, विद्यार्थ्याला आधी काय ठाऊक आहे ते शोधावे आणि त्यानुसार शिकवावे, असे शिक्षणमानसशास्त्राचे सार सांगितले. नावे परकी आहेत, म्हणून हा विचार येथे परका आहे असे मानण्याचे कारण नाही. पोहायला शिकवणारा कोकणातला कोणताही माणूस, पोर पाण्याला किती भिते ते आधी पाहतो, आणि मगच त्याला विहिरीत सोडतो.

महाराष्ट्रात या दिशेचे पद्धतशीर काम सुरू होऊन आता अर्धशतक उलटले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक होते. केंद्राने आरंभीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले, तसेच मुंबईतील महानगरपालिकेच्या शाळांतही केले. विज्ञान अवघड का जाते याचा शोध घेताना या मंडळींना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. मुले पुष्कळदा विज्ञानाशी अडखळत नव्हती; ती पुस्तकाच्या भाषेशी अडखळत होती. आशयाला धक्का न लावता भाषा सोपी केली, तर आकलन सुधारते आणि मुले वर्गात बोलू लागतात, हे त्या कामातून पुढे आले. त्याच केंद्रात पुढे जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने 'हलके-फुलके विज्ञान' ही प्राथमिक वर्गांसाठीची पुस्तके तयार झाली. तोंडाने सांगणे, चित्र काढणे, करून पाहणे यांना त्यांत मानाचे स्थान आहे.

नंतरची पावले सर्वांच्या परिचयाची आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने हा विचार देशभर नेला. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क अधिनियमातील कलम २९ ने कृतीतून, शोधातून शिकणे आणि मुलाच्या आकलनाचे व ते वापरण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण मूल्यमापन या गोष्टी कायद्यात आणल्या. राज्याने २० ऑगस्ट २०१० रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, आणि सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे व त्यांच्या सहकारी शिक्षकांनी उभे केलेले काम पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले.

या लाटेत एक गोष्ट मात्र निसटली, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पाहायला जाणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरते ती वर्गाची रंगवलेली फरशी, खडे, काड्या, चित्रे. ऐकू येण्यासारखे जे असते, म्हणजे शिक्षक कोणता प्रश्न विचारतो आणि उत्तर आल्यावर किती वेळ गप्प राहतो, ते छायाचित्रात येत नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या आणि प्रश्न जुनेच राहिले. फरशी रंगविण्यात वाईट काहीच नाही. पण ज्या शाळेजवळ रंगाला पैसे नाहीत, तिला ज्ञानरचनावाद परवडत नाही असा समज पसरला असेल, तर तो दूर झाला पाहिजे.

पेला, सरबत आणि तराजू

पुन्हा त्या पेल्याकडे वळू. "झिरपून बाहेर आले" हे उत्तर आल्यावर शिक्षकाने "चूक" असे म्हणू नये. "बरोबर" असेही म्हणू नये. फळ्यावर ते उत्तर लिहावे, आणखी कोणाचे वेगळे असल्यास तेही लिहावे. मग विचारावे, "झिरपले असेल, तर पेल्यात कोकम सरबत भरल्यावर बाहेर काय दिसेल?" प्रत्येकाने आपले भाकीत वहीत लिहावयाचे, आणि तेही प्रयोगापूर्वी. ही अट महत्त्वाची आहे; कारण प्रयोग झाल्यावर "मला आधीच ठाऊक होते" असे म्हणण्याची सवय लहानथोर सर्वांना असते.

थंड सरबत ओतले जाते. थेंब जमतात. ते तांबडे नसतात, जिभेला लावले तर आंबट-गोडही लागत नाहीत. येथे वर्गाचा निम्मा भाग हलतो, पण निम्मा हलत नाही. एखादे चलाख पोर म्हणते, "रंग आणि साखर आत राहिली, नुसते पाणी बाहेर आले. फडक्यातून गाळल्यावर गाळ नाही का वर राहत?" अशा वेळी शिक्षकाला वाटते, आता सांगून टाकावे. परंतु हा आक्षेप खऱ्या वैज्ञानिकाला शोभणारा आहे, आणि त्याला प्रयोगानेच उत्तर द्यावे. पेल्यावर घट्ट झाकण बसवावे आणि पेला तराजूत ठेवावा. आतलेच पाणी बाहेर आले असेल, तर पेला आणि थेंब मिळून वजन तेवढेच राहावयास हवे. वजन वाढले, तर काहीतरी बाहेरून येऊन पेल्याला चिकटले असले पाहिजे. आधी भाकीत, मग वजन. वजन वाढते. "मग बाहेरून म्हणजे कोठून?" हा प्रश्न आता शिक्षकाला विचारावा लागत नाही, मुलेच विचारतात. पेल्याच्या भोवती हवेशिवाय दुसरे काही नाही, हे ती पाहत असतात.

संघनन हा शब्द शिक्षकाने या ठिकाणी द्यावा. तो शब्द आधी दिला असता तर ओझे झाला असता; आता जी गोष्ट मुलांच्या हाती आली आहे, तिला तो नाव देतो.

या सगळ्याला दोन तासिका लागतात. व्याख्या लिहवून घेण्यास दहा मिनिटे पुरतात. अभ्यासक्रम पुरा होणार कसा, ही शिक्षकांची तक्रार म्हणूनच खोटी नाही. वर्षातील प्रत्येक घटकाला असा वेळ देता येणार नाही. परंतु ज्या चार-सहा कल्पनांवर पुढचे सगळे शास्त्र उभे राहते, जसे पदार्थाच्या अवस्था, वस्तुमान कायम राहणे, वनस्पतीचे अन्न, प्रकाश आणि दिसणे, पृथ्वीचे फिरणे, त्यांना तो दिला नाही, तर नववी-दहावीत त्याच कल्पनांसाठी दुप्पट वेळ जातो आणि शिकवणीचे पैसेही जातात.

रातांब्याची बरणी

भाषेचा प्रश्न कोकणात कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी अमृत कोकमाच्या बरणीइतके चांगले उदाहरण नाही. उन्हाळ्यात रातांबे फोडून त्यांच्या वाट्यांत साखर भरतात, त्या बरणीत रचतात आणि बरणी काही दिवस उन्हात ठेवतात. वरून पाणी घालत नाहीत. तरी लालभडक पाक तयार होतो. हा पाक कशाचा झाला, असे विचारले, की सहज उत्तर येते, "उन्हाने साखर वितळली."

घरगुती बोलण्यात आपण विरघळणे आणि वितळणे यांत फारसा भेद करीत नाही. साखर चहात वितळते असेही म्हणतो. विज्ञानात मात्र हे दोन शब्द दोन वेगळ्या घटना सांगतात. वितळण्याला उष्णता लागते, विरघळण्याला दुसरा द्रव लागतो. हा भेद "फरक स्पष्ट करा" या प्रश्नाखाली दोन रकाने आखून शिकवता येतो आणि तसाच विसरलाही जातो. त्याऐवजी पाकाच्या बरणीशेजारी एक दुसरी कोरडी बरणी ठेवावी, तीत नुसती साखर भरावी, झाकण लावावे आणि दोन्ही एकाच उन्हात ठेवाव्यात. आठवड्यानंतर एकीत पाक आहे, दुसरीत साखर तशीच आहे. ऊन तेच, साखर तीच. मग पाक करणारे पाणी आले कोठून? कोणीतरी वाटीची साल बोटांत धरून पाहते. ती आक्रसलेली, सुरकुतलेली असते. पाणी फळातलेच होते, साखरेने ते बाहेर ओढले आणि त्यातच ती विरघळली. मीठ लावलेल्या कैरीला पाणी का सुटते, आणि खारवलेली मासळी टिकते कशी, या प्रश्नांची वाट येथूनच निघते. मुलांच्या आया हे सारे पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. एखाद्या दिवशी त्यांपैकी एकीला वर्गात बोलावून बरणी भरण्याचे काम तिच्याकडे सोपवायला काय हरकत आहे?

या जिल्ह्यात अशी सामग्री जागोजागी पडलेली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस घेणाऱ्या प्रदेशात सड्यावरच्या वाडीला एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी वणवण का करावी लागते? "उन्हाने पाणी सुकते" हे उत्तर मुले देतात, आणि पुष्कळदा मोठी माणसेही देतात. जांभ्याचा एक सुका चिरा आणि तेवढ्याच आकाराचा काळा दगड घेऊन त्यांचे वजन करावे, दोन्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावेत आणि सकाळी पुन्हा वजन करावे. जांभा पाणी पितो, हे दिसते. जो दगड पाणी चटकन घेतो तो उतारावर ते चटकन सोडूनही देतो, आणि समुद्र तर जवळच असतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या चर्चेत ज्यांना उद्या भाग घ्यावयाचा आहे, त्यांना हा प्रश्न शाळेत भेटला तर बरे.

किनाऱ्यावरच्या शाळांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मच्छीमार कुटुंबातील मुलाला भरतीची वेळ काढण्याचा हिशेब घरातच मिळालेला असतो. तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सुमारे सहाला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. उधाण केव्हा आणि भांगाची भरती केव्हा, हेही त्याला ठाऊक असते. तोच मुलगा भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटीच्या आकृतीपुढे मुका होतो, कारण आपल्याला जे येते त्याच्याशी या आकृतीचा संबंध आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याला विचारावे, "चंद्र पाण्याला ओढतो म्हणून भरती येते, असे पुस्तक म्हणते. मग चंद्र मावळून पृथ्वीच्या पलीकडे गेला असतानाही भरती येते ती का?" चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या अंगाला अधिक व लांबच्या अंगाला कमी असते आणि या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याचा फुगवटा येतो, हे उत्तर वरच्या वर्गात शिक्षकालाच सांगावे लागेल. पण प्रश्न मुलाचा असेल, तर उत्तरही त्याचे होईल.

सांगण्याचे स्थान

येथे एका गैरसमजाची दखल घेणे जरूर आहे. मुलांनी सगळे स्वतःच शोधावे, शिक्षकाने काही सांगू नये, असा ज्ञानरचनावादाचा अर्थ लावला जातो. तो बरोबर नाही. फणसाच्या झाडाकडे पाहून कोणालाही अणूची रचना समजणार नाही. मार्गदर्शनाशिवाय सोडलेले विद्यार्थी, विशेषतः नवखे विद्यार्थी, पुष्कळदा वेळ घालवतात आणि चुकीच्या निष्कर्षाला पोचतात, अशी टीका किर्शनर, स्वेलर व क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये केली आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. सांगायचे तर आहेच. कधी सांगावे आणि कोणाला सांगावे, एवढाच प्रश्न आहे. आणि मुलाला काय वाटते हे कळल्याखेरीज तो सुटत नाही.

शिक्षकांची स्वतःची अडचणही असते, आणि तिच्याविषयी संकोच नसावा. १९८७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एका माहितीपटात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू का होतात, हे विचारले गेले. त्यांत पदवीधर होते, प्राध्यापकही होते. २१ जणांना नीट उत्तर देता आले नाही. पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा होतो, अशी अनेकांची समजूत निघाली. असे असता एखाद्या शिक्षिकेने वर्गात "हे मलाही तपासून पाहिले पाहिजे" असे म्हटले, तर तिचा मान कमी होत नाही.

कारणासह उत्तर

मूल्यमापनाकडे वळल्यावर मध्य प्रदेशातील एका प्रयोगाची आठवण अपरिहार्य आहे. किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत कृतीवर आधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. पुढे ते सबंध जिल्ह्यात पसरले आणि एकलव्य या संस्थेने ते सांभाळले. या कार्यक्रमात मुलांना परीक्षेत पुस्तक व वही उघडून पाहण्याची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. पुस्तक उघडे असेल तर पुस्तकातील वाक्य विचारण्यात अर्थ उरत नाही. परीक्षकाला समज तपासणारा प्रश्नच शोधावा लागतो. राज्य शासनाने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. परंतु परीक्षा बदलल्याखेरीज अध्यापन बदलत नाही हे ज्यांनी ओळखले, त्यांचा तो धडा रद्द झालेला नाही.

आपल्याकडे उघड्या पुस्तकाची परीक्षा उद्याच सुरू होईल असे नाही. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षा पुन्हा महत्त्वाच्या झाल्या आहेत. तरी आकारिक मूल्यमापन शिक्षकाच्या हाती आहे, आणि तेथे एक साधी तऱ्हा वापरता येते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये दोन भागांच्या प्रश्नांची रीत मांडली. पहिल्या भागात उत्तर निवडावयाचे, दुसऱ्या भागात त्याचे कारण. रातांब्याच्या बरणीवर असा प्रश्न होऊ शकतो: "बंद बरणीत फळे व साखर भरली, आठ दिवसांनी पाक झाला. बरणीचे एकूण वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील? का?" एक मूल लिहिते, "तेवढेच राहील, कारण बरणीत काही आले नाही, काही गेले नाही." दुसरे लिहिते, "तेवढेच राहील, कारण पाण्याला वजन नसते." दोघांनी एकाच पर्यायावर खूण केली आहे. नुसत्या खुणेला गुण दिले असते, तर दोघे सारखेच ठरले असते. तिसरे लिहिते, "घटेल, कारण झाकणातून थोडी वाफ जाते." त्याचा पर्याय चुकला, पण त्याला वस्तुमानाची कल्पना दुसऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट आहे, त्याला झाकणाचा भरवसा नाही, इतकेच.

यातून गुण कसे द्यावेत हा प्रश्न येतोच. तो सोडविण्याआधी हे पाहावे, की शिक्षकाला उद्या काय शिकवायचे ते या तीन ओळींनी सांगितले. नोंदवहीतील "विज्ञानात रुची घेतो", "प्रयोग लक्षपूर्वक पाहतो" या तयार वाक्यांनी ते सांगितले नसते. वर्णनात्मक नोंदींच्या छापील याद्या हाताशी असतात आणि त्यांतून वाक्ये उतरविली जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकावर कागदांचे जे ओझे आहे ते पाहता त्याला दोष देणेही कठीण आहे. परंतु वर्गातील प्रत्येक मुलाविषयी दहा सुरेख वाक्ये लिहिण्यापेक्षा, महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचे एक खरे वाक्य, त्याच्याच शब्दांत, चुकीसकट उतरवून ठेवले तर काम कमी होते आणि नोंद खरी होते.

वह्यांचेही तसेच. तपासनीस येणार म्हणून चुकलेले पान फाडून नवे लिहवून घेण्याची प्रथा आहे. वही स्वच्छ होते. मुलाची समज कोठून कोठे गेली याचा पुरावा मात्र नाहीसा होतो. ज्या वहीत जूनमध्ये "झिरपून आले" असे लिहिले आहे, जुलैत ते एका रेघेने खोडले आहे आणि खाली वजनाचे आकडे आहेत, ती वही अधिकाऱ्याने आधी मागावी. विस्तार अधिकाऱ्याने वर्गात बसून एकाच मुलाला एकच प्रश्न विचारावा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबावे. भेटीच्या अहवालात टक्केवारीशेजारी ते उत्तरही जावे.

या जिल्ह्यात कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. वाडीवरची शाळा, एक-दोन शिक्षक, दहा-पंधरा मुले. त्यांच्याविषयी बोलताना खर्च आणि समायोजन यांचीच चर्चा होते. ती चर्चा तिच्या जागी राहो. पण पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे कारण ऐकणे जवळजवळ अशक्य असते, आणि दहांच्या वर्गात ते शक्य असते. चौथीचे मूल भाकीत करते आणि सातवीचे मूल त्याला आक्षेप घेते, ही सोय मोठ्या शाळेत नसते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, त्यांत रापणीवर जाणारे आहेत, चिऱ्याच्या खाणीवर काम करणारे आहेत, कोकमाचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया आहेत. समितीच्या सभेत इमारतीच्या गळतीनंतर पाच मिनिटे उरली, तर मुलांनी वहीत लिहिलेली कारणे वाचून दाखवावीत. पालकांतही वाद सुरू होईल.

तराजूविषयी एक व्यावहारिक सूचना. पेल्यावर जमणारे पाणी थोडे असते. भाजीच्या काट्यावर ते कळत नाही. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा छोटा विजेरी काटा पुरतो, आणि तो शाळेत नसेल तर गावातील सोनाराकडून तासाभरासाठी मागता येतो. झाकण घट्ट असावे आणि पेला ठेवण्यापूर्वी बाहेरून कोरडा पुसावा. हा प्रयोग शाळा सुरू झाल्यावर लगेच, जून-जुलैत करणे सोयीचे, कारण तेव्हा हवा बाष्पाने भरलेली असते. मे महिन्यात चंद्रपूरच्या कोरड्या हवेत तेवढ्याच थंड पाण्याचा पेला ठेवला, तर त्यावर थेंब फार थोडे जमतील. हा फरक कळल्यावर मुले आणखी एक प्रश्न काढतील. चंद्रपूरकडच्या एखाद्या शाळेला पत्र लिहून आकडे मागवता येतील, आणि आपले आकडे धाडता येतील.